चेपलेल्या नळीचं घराणं

माझी नोकरी वस्तू मोडून पाहण्याची होती. चिंचवडमधल्या एका कारखान्याच्या चाचणी विभागात मी गाड्यांचे सुटे भाग शेकर टेबलावर तासन् तास थरथरवले, उंचावरून वजन सोडून चेपले, आणि चेपलेल्या तुकड्यांवर तारीख नि बॅच नंबर रंगवून ते रॅकवर लावून ठेवले. त्यामुळे ‘ओरिगामीतून सुचलेल्या रचना’ अशा मथळ्याखाली हल्ली जे छापून येतं ते मी जरा तिरक्या नजरेनं वाचतो. त्यात हमखास कागदाचा एक क्रौंच असतो आणि शेजारी उपग्रहाचा सौरपंख. जपानी आजीनं नातवाला शिकवलेली घडी थेट अंतराळात पोचली, असा एकूण सूर. क्रौंचाचं घराणं जुनं आहे, त्याच्या घड्यांचं पुस्तक १७९७ सालीच छापलं गेलं, त्याबद्दल वाद नाही. पण धक्का पचवणाऱ्या आणि कंप सोसणाऱ्या दुमडलेल्या रचनांचा वंश शोधत गेलं, तर तो क्रौंचापाशी पोचत नाही. तो एका चेपलेल्या नळीपाशी जाऊन थांबतो. पातळ पत्र्याची नळी दाबली की ती कशी चुरगळते, हे डोळे बारीक करून बघत बसलेल्या माणसांचा हा इतिहास आहे. सुंदर काही करावं म्हणून ती बसली नव्हती. त्यांचं काहीतरी मोडत होतं, म्हणून बसली होती.

सुरुवात मी लंडनजवळच्या मिलवॉलपासून धरतो. साल १८४५. वेल्समधल्या मेनाई सामुद्रधुनीवर रॉबर्ट स्टीव्हन्सनला रेल्वेचा पूल बांधायचा होता, आणि कल्पना अशी की लोखंडी पत्र्याची प्रचंड नळी करायची नि गाडी तिच्या पोटातून न्यायची. (हाच स्टीव्हन्सन पुढे आपल्या जीआयपी रेल्वेचा सल्लागार अभियंता झाला.) टेम्सच्या काठी विल्यम फेअरबेर्नचा जहाजांचा कारखाना होता. तिथे त्यानं गोल, लंबगोल, चौकोनी अशा नळ्या टेकूंवर ठेवून मधोमध वजन टांगून मोडून पाहिल्या. तुळई मोडते ती खालून ताणून फाटते, अशी सगळ्यांची समजूत. इथे उलटंच घडत गेलं. खालची बाजू शाबूत आणि वरचा पत्रा दाबाखाली चुण्या पडून गोळा! लोखंडाची ताकद संपण्याच्या कितीतरी आधी त्याचा आकार हार मानत होता. उपाय म्हणून नळीच्या माथ्याला पोकळ कप्प्यांची रांग बसवली. धातू फार न वाढवता त्याला कडा दिल्या. १८५० साली ब्रिटानिया पूल सुरू झाला. कडा आली की पत्रा ताठ होतो, हे पन्हळी पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्याला सांगायला नको. पण कारखान्यात मोजून, हिशेब मांडून ते इथे पहिल्यांदा इतक्या मोठ्या कामाला लागलं.

पुढचा पाऊणशे-शंभर वर्षांचा इतिहास मी भरभर ओलांडतो, कारण तो बराचसा गणितातल्या पेचाचा आहे. विमानं आली, विमानाचा सांगाडा म्हणजे पुन्हा पातळ पत्र्याची नळीच. अशी नळी उभी दाबली तर किती भाराला बाकेल याचं सूत्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मिळालं होतं. ते दिसायला देखणं होतं आणि साफ चुकीचं उत्तर देत होतं. प्रत्यक्षात पातळ नळ्या सूत्रातल्या भाराच्या पाव हिश्श्यावरही बसत. फोन कार्मान आणि च्येन यांनी १९४१मध्ये यावर महत्त्वाचा निबंध लिहिला. डेल्फ्टच्या वॉर्नर कोइटरनं जर्मन ताब्यातल्या हॉलंडमध्ये राहून दाखवून दिलं की नळीच्या आकारातला केसाएवढा दोषही तिची ताकद भयंकर घटवतो. त्याचा प्रबंध १९४५च्या नोव्हेंबरात आला, तोही डच भाषेत, आणि बाहेरच्या जगानं तो वाचायला पुढे बरीच वर्षं घेतली.

आता जपान. १९४५च्या शरणागतीनंतर दोस्तांच्या लष्करी प्रशासनानं जपानला विमानं बांधायलाच नव्हे, त्यावर संशोधन करायलाही बंदी घातली. ती १९५२पर्यंत टिकली. तोक्यो विद्यापीठातल्या वैमानिकी शिकवणाऱ्या माणसांनी खात्यांच्या पाट्या बदलल्या आणि विषयांना निरुपद्रवी नावं दिली. त्या काळात, नोव्हेंबर १९५१मध्ये, योशिमारू योशिमुरा यांचा एक अहवाल निघाला. विषय: उभ्या दाबाखाली गोल नळी कशी बाकते. ज्या देशाला विमान करायची मुभा नाही तिथला माणूस विमानाच्या कवचाचं कोडं सोडवत बसला होता.

योशिमुरांचं म्हणणं थोडक्यात असं. पातळ पत्र्याला वाकणं स्वस्त पडतं, ताणलं जाणं महाग. मग दाबलेली नळी अशा एखाद्या आकाराकडे सरकायला हवी जिथे पत्रा फक्त वाकलेला असेल, ताणलेला कुठेच नसेल. असा आकार आहे. सपाट त्रिकोण कडेला कड लावून मांडलेला, शंकरपाळ्यांसारख्या चौकटींनी भरलेला तो बहुतलीय पृष्ठभाग. तो उलगडला तर पुन्हा सपाट कागद मिळतो. खात्री हवी असेल तर बाटलीभोवती कागद सैलसर गुंडाळून चिकटवावा आणि त्याची दोन्ही टोकं हातांनी एकमेकांकडे ढकलावीत. कागदावर हीच नक्षी उठते. कुणी काढलेली नसते, कागद ती स्वतःच शोधतो. अमेरिकेच्या ‘नाका’ या वैमानिकी समितीनं १९५५ साली तो अहवाल इंग्रजीत काढला. आज तिला योशिमुरा घडी म्हणतात आणि ओरिगामीच्या पुस्तकांतही ती सापडते. तिचा जन्म मात्र अपयशाच्या छायाचित्रांतून झालेला आहे.

त्याच सुमारास युरोपात काही माणसं उलट्या बाजूनं विचार करू लागली होती. चुरगळणं थांबवता येत नसेल तर त्याला कामाला का लावू नये? मर्सिडीज-बेंझमधला बेला बारेनी यानं १९५१ साली पेटंटचा अर्ज केला: माणसं बसतात तो भाग कणखर, पुढचा-मागचा भाग मुद्दाम चेपणारा. १९५९च्या डब्ल्यू १११ गाडीत ते प्रत्यक्ष उतरलं. १९६०मध्ये इंग्लंडात दोन निबंध आले आणि माझ्या धंद्याची ती जोतीच आहेत. आल्फ्रेड पग्जली यांनी मॅकॉलेबरोबर पातळ नळ्यांच्या चुरगळण्यावर लिहिलं. पग्जलींच्या डोळ्यांसमोर टक्कर झालेले रेल्वेचे डबे होते. आणि जे. एम. अलेक्झांडर यांनी नळी एकावर एक कड्यांसारख्या वळ्या पाडत बसते तेव्हा तिला सरासरी किती बळ लागतं याचं सोपं सूत्र दिलं. १९८३मध्ये व्हिएर्झबिट्स्की आणि अब्रामोविच यांनी चौकोनी नळीच्या कोपऱ्याचा हिशेब मांडला. त्यात चक्क कागदाची घडी घालून दाखवता येईल असा कोपरा आहे: कडा कुठून फिरते, पत्रा कुठे ताणला जातो, कुठे फक्त वाकतो.

इथे थोडं थांबतो, कारण हे मी हातानं केलेलं आहे. नळी ड्रॉप टॉवरखाली उभी करायची, वरून वजन सोडायचं. लोडसेलचा आलेख पडद्यावर येतो तो असा: बळ सरळ वर चढतं, एका टोकदार शिखरावर जातं, मग कोसळतं आणि पुढे लाटा मारत राहतं. प्रत्येक लाट म्हणजे पडलेली एक घडी. आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे पचवलेली ऊर्जा. भारतात ऑक्टोबर २०१७पासून नव्या मॉडेलना समोरून आपटण्याची जी चाचणी सक्तीची झाली ती ताशी ५६ किलोमीटरची. बाराशे किलोच्या गाडीत त्या वेगाला सुमारे १४५ किलोज्यूल ऊर्जा असते. गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या भारत एनकॅपमध्ये वेग ६४ आहे. आकडा फक्त आठनं वाढतो, ऊर्जा मात्र १९० किलोज्यूलवर जाते. ही सगळी पत्र्यानं घड्या पाडून खायची. त्यात ते पहिलं शिखर म्हणजे मोठी डोकेदुखी. ते उंच असलं तर पहिल्या क्षणाचा धक्का मागच्या सांगाड्याला बसतो. बंपरमागची छोटी क्रॅश बॉक्स आधी चेपायची सोडून तिच्यामागची महागडी चॅसिस बीम वाकते. म्हणून आम्ही नळीच्या तोंडाशी आडवी खाच किंवा फुगीर पट्टी प्रेसमध्येच उठवतो. तिला शॉपफ्लोअरवर बीड म्हणतात. पत्र्यानं पहिली घडी कुठे पाडायची ते ती ठरवून देते, शिखर खाली येतं आणि पुढच्या घड्या रांगेनं येतात.

पण बातम्या लिहिणारे विसरतात ती गोष्ट पुढे आहे. धक्का गाडीच्या आयुष्यात एकदाच बसेल किंवा कधीच नाही. कंप मात्र रोज. ज्या खाचेला धक्क्यात आधी मोडायला सांगितलेलं आहे, तिनं नाशिक रस्त्यावर दहा वर्षं थरथरून मोडायचं नसतं. शेकर टेबलावर भाग बांधायचा, कंपांची वारंवारिता हळूहळू चढवत न्यायची. एका ठिकाणी तो भाग अचानक गायला लागतो, ती त्याची नैसर्गिक वारंवारिता. स्ट्रोबचा दिवा लावला की पत्रा डोळ्यांदेखत सावकाश लाटा मारताना दिसतो, आणि लाट हटकून खाचेपाशी सर्वांत तीव्र. मग तो भाग त्याच वारंवारितेवर ठेवून तासन् तास हलवायचा आणि रंगद्रव्य लावून बारीक तडा शोधायचा. घडीमुळे ताठपणा वाढतो, वजन तेवढंच राहतं, त्यामुळे नैसर्गिक वारंवारिता वर जाते (ताठपणा चौपट झाला तर ती दुप्पट) आणि इंजिनाच्या थरथरीच्या आवाक्याबाहेर पडते. गाडीच्या फरशीवरच्या त्या उठावदार रेघा याचसाठी असतात. पण घडीच्या कडेची गोलाई कमी ठेवली की तीच कडा थकते. दुमडलेल्या रचनेचा सगळा इतिहास मला या दोन मागण्यांच्या ओढाताणीत दिसतो: रोजच्या थरथरीत घट्ट राहा, आणि सांगू तेव्हाच नि सांगू तिथेच मोड.

जपानमध्ये योशिमुरांचा धागा कोर्यो मिउरा यांनी उचलला. १९६९च्या अहवालात त्यांनी योशिमुरांच्या चेपलेल्या नळीकडे पाहून विचारलं की हा आकार मोडल्यावरच का मिळावा, आपण तो आधीच देऊन ठेवला तर? अशी नळी उभ्या दाबाला मऊ पडते खरी. पण बाहेरून आवळणाऱ्या दाबाला साध्या नळीपेक्षा खूप ताठ उभी राहते. पुढे जपानच्या तोयो सेइकान या डबे करणाऱ्या कंपनीनं हा आकार उचलला. किरीन कंपनीचं ‘ह्योकेत्सु’ हे पेय २००१ साली अशा पैलूदार डब्यात आलं. झाकण उघडलं की आतला दाब सुटतो आणि पैलू टक् टक् आवाज करत उठून दिसतात. जपानच्या कामाच्या दौऱ्यात मी तो डबा पेयासाठी नाही, त्या आवाजासाठी घेतला. बरोबरच्या लोकांना हे पटलं नाही.

१९७२मध्ये मिउरांनी ‘झीटा कोअर’ मांडला. नागमोडी घड्यांचा पत्रा, दोन सपाट पत्र्यांच्या मध्ये भरलेला, म्हणजे हलकं नि ताठ सँडविच. आज ज्या घडीला जग मिउरा-ओरी म्हणतं ती हीच. मला यात मोठी गंमत वाटते. जी घडी पुढे ‘उघडणारी’ म्हणून प्रसिद्ध झाली ती त्याआधी ‘न हलणारी’ म्हणून कागदावर आली होती. अंतराळात मोठे पातळ पडदे नेण्यासाठी ती वापरण्याचा त्यांचा अहवाल १९८५चा. तिरप्या चौकटींमुळे एक कोपरा ओढला की सगळा पडदा दोन्ही दिशांनी एकदम उलगडतो, आणि कडा एकमेकींवर नेमक्या पडत नसल्यामुळे घडीच्या टोकाशी पत्रा फाटायची भीती कमी. १८ मार्च १९९५ला तानेगाशिमाहून एच-२ रॉकेटनं ‘स्पेस फ्लायर युनिट’ हे यान गेलं, त्यावर या घडीचा पडदा प्रयोग म्हणून होता. जानेवारी १९९६मध्ये एन्डेव्हर यानानं ते परत आणलं. आणताना त्याचे मुख्य सौरपंख नीट मिटल्याची खात्री पटेना, म्हणून ते अंतराळातच सोडून द्यावे लागले. ते पंख मिउरांच्या प्रयोगाचे नव्हते, हे सांगायचं राहून जातं.

उघडण्याचं कौतुक होतं. उघडल्यानंतरच्या थरथरीबद्दल कुणी लिहीत नाही. १९९०मध्ये गेलेल्या हबल दुर्बिणीचे पहिले सौरपंख गुंडाळून नेलेले होते, घडीचे नव्हते, पण दुखणं तेच. दुर्बीण दर फेरीत पृथ्वीच्या सावलीत शिरायची आणि बाहेर यायची. पंख धरणारे पातळ पत्र्याचे दांडे तापून-निवून अचानक झटका देत, आणि सगळी दुर्बीण थरथरायची. डिसेंबर १९९३मध्ये पंख बदलले, २००२मध्ये तर ताठ पंखच बसवले. पातळ, हलकी, मिटणारी वस्तू म्हणजे कमी वारंवारितेला सावकाश झुलणारी वस्तू. बिजागऱ्यांत केसाएवढी सैल जागा असली तरी तिचं कंपन हिशेबाबाहेर जातं: थोडं हलवलं तर एक वारंवारिता, जोरात हलवलं तर दुसरी. जपाननं २०१०मध्ये इकारोस या यानाचं चौदा मीटर बाजूचं शीड उघडलं ते गिरक्या घेऊन, दांडेच न लावता. पडदा केंद्रोत्सारी ताणानं ताणलेला राहतो. चाचणीवाल्या माणसाला हे फार आवडतं, कारण खडखडायला काही ठेवलेलंच नाही.

मिउरांच्या सँडविचचा नवा अवतार आला तो विमानांसाठी, आणि त्याची मुख्य घरं म्हणजे रशियातलं कझान आणि जर्मनीतलं श्टुटगार्ट. विमानात मधमाशीच्या पोळ्यासारखा षट्कोनी गाभा आधीपासून आहे. त्याचा एक जुना रोग आहे: प्रत्येक खण बंद, आत वाफ शिरली की पाणी धरतं. दुमडलेल्या गाभ्यात वाटा आरपार मोकळ्या, वारा खेळतो. म्हणून एअरबसनं कवचासाठी त्याचा विचार केला, आणि मग प्रश्न आला तो धक्क्याचा. धावपट्टीवरचा दगड, गारा, हातातून निसटलेलं अवजार. झेबास्टियान हाइम्प्स आणि सहकाऱ्यांनी असे गाभे वजन टाकून आणि वायुबंदुकीनं मारून तपासले. ॲरामिड कागदाचा गाभा दुमडत, फाटत हळूहळू बसतो. कार्बन-तंतूचा गाभा ताकदीला वरचढ, पण तुटतो तो चुरा होऊन. त्यांनी दोन गाभे एकावर एक ठेवूनही पाहिले: पहिल्यानं ऊर्जा खायची, दुसऱ्यानं आत घुसणाऱ्याला अडवायचं. त्यांचे आलेख पाहिले तेव्हा मला आमच्या नळीचे चुलत भाऊ ओळखता आले: तेच शिखर, तोच सपाट भाग.

जपानमध्ये धक्का आणि कंप या दोन्ही बाजूंनी वेगळं काम चाललं. इचिरो हागिवारा निस्सानमधून विद्यापीठात गेलेले. पिळाच्या घड्या असलेली नळी गाडीच्या पुढच्या भागात बसवून ती टकरीत जास्त लांबीपर्यंत चेपते, हे त्यांच्या गटानं मांडलं. सरळ नळी चेपून चेपून तिचाच गठ्ठा होतो आणि उरलेली लांबी वाया जाते, हे प्रत्येक क्रॅश लॅबला माहीत आहे. पुढे २०१७मध्ये साचिको इशिदा आणि सहकाऱ्यांनी पिळाची, दोन स्थितींत स्थिर राहणारी नळी स्प्रिंगला जोडून असा कंपरोधक मांडला, जो वजन तर पेलतो पण छोट्या हालचालींना जवळजवळ विरोधच करत नाही. कंप अडवायला आधाराची नैसर्गिक वारंवारिता खूप खाली लागते, कारण तिच्या सुमारे १.४ पटींच्या पुढेच अडवणं सुरू होतं. आणि मऊ स्प्रिंग घेतली तर यंत्र खाली बसतं. पिळाच्या घडीनं हा पेच सोडवला. २०१९मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात यासुदा, यांग आणि सहकाऱ्यांनी कागदी पिळाच्या कोशांची साखळी करून तिच्या एका टोकाला धक्का दिला. दुसऱ्या टोकाला आधी पोचली ती दाबाची नव्हे, ओढीची लाट. तो निबंध मी पुन्हा वाचला आणि मग आलेख पेन्सिलीनं स्वतः काढून बघितला.

गाड्यांचं काय? ऑक्सफर्डच्या झोंग यू आणि जियायाओ मा यांनी चौकोनी नळीच्या कोपऱ्यांवर आधीच घड्या घातल्या. परिणाम पुस्तकात लिहावा असा: पहिलं शिखर उतरलं, सरासरी बळ वाढलं, कारण नळी साध्या वळ्या न पाडता योशिमुरांच्या शंकरपाळ्यांसारखी बसते आणि पत्र्याचा जास्त भाग कामाला लागतो. पण या नळ्या दोन अर्ध्या भागांत दाबून मग वेल्डनं जोडाव्या लागल्या. जिथे चार घड्या एका बिंदूत येतात तिथे कागदाला काही वाटत नाही. पत्रा मात्र ओढला जाऊन पातळ होतो किंवा फाटतो, म्हणून तिथे गोलाई द्यावी लागते, आणि गोलाई दिली की आलेख बदलतो. शिवाय वेल्डची शिवण कंपात थकते का, हे शेकरवर वेगळं पाहावं लागतं. आमची बीड प्रेसच्या त्याच फटक्यात फुकट उठते. ऑक्सफर्डची रेखाटनं मी एकदा टूलरूमच्या वस्तादांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा वर केला, चार घड्या मिळतात त्या बिंदूवर पेन्सिलीनं गोल केला आणि विचारलं, डायला किती महिने देताय आणि पहिला पत्रा फाटला की बिल कुणाच्या नावावर टाकायचं.